मिशीवाली माय

आठव्या महिन्याचं लेकरू हाती लागत नाही, सातव्याचं लागतं, हे कारधा गावच्या म्हाताऱ्या गोदावरीबाईंनी कोणी न विचारता सांगून टाकलं. म्हणजे भैयालालच्या नातीनं आणखी आधी तरी यायचं, नाहीतर दम धरून नंतर तरी. आली ती नेमकी मधे. सून ज्योत्सनाचा रक्तदाब चढला, झटके आले, आणि डॉक्टरांनी पोट कापून पोरगी बाहेर काढली. ओंजळीत मावेल एवढी.

ज्योत्सना दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गुंगीत. तिचा नवरा विक्की हैदराबादेहून रेल्वेत बसलेला. भैयालालची बायको रेवताबाई, तिला खोकला, म्हणून सिस्टर दामिनीनं तिला दारातच अडवलं. बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या सगळ्या भरलेल्या. पोरगी श्वास आपला आपण घेत होती, पण अंग गार पडत होतं. अशा बाळाला माणसाच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं असतं, दामिनीनं समजावलं. धरायला उरला कोण? भैयालाल.

भैयालाल वैनगंगेत जाळं टाकता टाकता म्हातारा झालेला. बाळंतिणीच्या खोलीकडं फिरकायचं नाही, ही त्याच्या घरची रीत, आणि ती त्याला फार सोयीची होती. विक्कीला त्यानं पहिल्यांदा उचललं तेव्हा विक्की चालत त्याच्याकडं आला होता. दामिनीनं त्याला साबणानं आंघोळ करायला लावली, हुंगून पाहिलं, आणि पुन्हा आंघोळीला पाठवलं. मग बनियन काढायला सांगितली. खोलीत तीनचार बाया आपापली बाळं पदराखाली छातीशी धरून बसल्या होत्या. त्यांच्या रांगेत हा उघडा बसला, नजर छताला लावून.

दामिनीनं टोपडं घातलेली पोरगी त्याच्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून कापड बांधलं. दार उघडलं की बाहेरून रेवताबाईचा आवाज आत यायचा.

"अवो, विक्कीले कधी धरलं नाही. आता तर मायच होऊन राहिले तुमी."

"तू घरी जाऊन खोकल."

"जातो ना. पोरीले पहिला वास रोहूचा आला, गावाले सांगतो."

बाया पदराआड हसल्या. एकीनं त्याला मिशीवाली माय म्हटलं, आणि दुपारपर्यंत दवाखान्यात त्याचं दुसरं नाव उरलं नाही.

भैयालाल चिडला नाही. त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा उजवा हात पोरीच्या पाठीवर सारखा थापटत होता. दामिनीनं सांगितलं, झोपू द्या, झोपेतच ती वाढेल. हात थांबला. ती वळली की पुन्हा सुरू. पोरगी दचकायची, कुरकुरायची, अंगातली होती नव्हती ती ताकद त्यातच घालवायची.

"बाबाजी, तबला होय का तो? काहून थापटून राहिले?" दामिनीनं विचारलं.

भैयालाल हळूच सांगू लागला. पूर्वी माशाचं बीज, केसाएवढी पिल्लं, हंड्यात पाणी भरून एसटीनं तलावावर न्यायचे. हंडा मांडीत धरून वाटभर पाणी थापटायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. जाळ्याच्या जोडीनं कितीक वर्षं त्यानं हेच केलं.

"हात थांबला का बीज पांढरं होऊन वर येते, बाई," तो म्हणाला. "हे त्याहून केवढं मोठं हाय?"

दामिनीनं थट्टा केली नाही. त्याचा हात उचलला, बोटं मोकळी केली आणि पंजा पोरीच्या पाठीवर पसरून ठेवला.

"तुमची छाती हलते ना, बाबाजी? तेवढं पुरते तिले."

भैयालालनं हात थांबवला. भरल्या नदीत जाळं ओढणं सोपं, हे अवघड. बोटं उठू पाहत, तो दाबून धरी. पंजाखाली काही कळेना, तेव्हा त्याचाच श्वास अडकला. मग तिथं काहीतरी बारीक वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं. कोणी न थापटता.

बऱ्याच वेळानं दामिनीनं पोरीचं अंग तपासलं आणि ऊब धरली म्हणाली. दुसऱ्या दिवशी ज्योत्सना शुद्धीवर आली, तिला चाकाच्या खुर्चीवर खाली आणलं. तिनं हात पुढं केले. भैयालाल म्हणाला, आत्ताच झोपली, थोडं थांब.

"द्या आता, अवो," रेवताबाई दारातून म्हणाली. "दूध कोठून पाजाल?"

त्यानं दिली. सदरा घालून बाहेर बाकावर येऊन बसला. उजवा हात त्याच्याच गुडघ्यावर थापटत होता. रेवताबाईनं ते पाहिलं. तोंडाशी आलेली थट्टा तिनं परत गिळली आणि खोकला आल्यासारखं करून पलीकडं पाहत बसली.