आझमनगरी रुपया

नागेंद्रचा आझमनगरी रुपया गायब झाला त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही, असं तो अजून सांगतो. सपशेल खोटं. घरातले सगळे पोटभर जेवले होते, हा एकटाच ताटावरून उठला होता.

कंग्राळीच्या ह्या गड्याला मोगली चांदीच्या रुपयांचा भारी नाद. सकाळी शेताकडं एक चक्कर, मग बेळगावात विमा ऑफिसची नोकरी, आणि उरलेला सगळा जीव कपाटातल्या मखमली ट्रेमध्ये. अकबराचा चौकोनी रुपया होता, जहांगीरचे होते, शाहजहानचे तर डझनभर. पण लाडका एकच, औरंगजेबाचा. कारण त्याच्यावर टांकसाळीचं नाव होतं आझमनगर. मोगलांनी बेळगाव घेतलं तेव्हा गावाला ठेवलेलं हे नाव. ते बहुतेक रुपयांवर काठाबाहेर जाऊन अर्धवट राहतं, ह्याच्यावर मात्र पुरतं उमटलेलं. आल्या-गेल्या पाहुण्याला चहा प्यायच्या आधी तो रुपया बघावा लागायचा. आई अक्काताई कंटाळून म्हणायची, दाखवलास न्हवं तुझं भंगार, आता बशीतला चहा निवला.

आणि एका संध्याकाळी ट्रे उघडला तर ती जागा रिकामी.

नागेंद्रनं कपाट उपसलं, गादी उलटी केली, केरसुणीनं पलंगाखालचं सगळं ओढून काढलं. कपाटाची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असायची. त्यानं बायकोला, पूर्णिमाला विचारलं, तिनं तपासायला आणलेल्या शाळेच्या पेपरांतून मानही वर केली नाही. आईला विचारलं. अक्काताई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, तुझं भंगार तुझ्याजवळ, आणि पुन्हा सुपात तोंड घातलं.

मग घरच्यांना वगळून बाहेरचं कोण? एकच माणूस, सुगत.

सुगत कांबळे निपाणीचा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. आजोबांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली, आणि नातवाकडं मोगली नाण्यांचा असा संग्रह की पुण्याचे लोक बघायला यायचे. नागेंद्रला फारसी अक्षरं ओळखायला त्यानंच शिकवलं. वीस वर्षांची दोस्ती. तो मागच्या रविवारी आला होता. ट्रे मांडीवर घेऊन आझमनगरी रुपया भिंगाखाली धरून बसला होता, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून नागेंद्र अंगणात गेला होता. परत आला तर सुगत ट्रे मिटून घाईघाईनं उठलेला. जेवण नको म्हणाला. तोंडावर घाम होता.

हे सगळं आठवलं आणि नागेंद्रच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चुकचुकली की ती काय थांबते व्हय? सुगत हल्ली फोन उचलत नाही, उचलला तर दोन वाक्यांत ठेवतो. निपाणीच्या बाजारात जुनी नाणी विकणारा शामू सहज बोलून गेला, मास्तर हल्ली आठवड्याला कोल्हापूरची गाडी धरतात, काखेत एक पिशवी, ती काय खाली ठेवत न्हाईत. कोल्हापुरात नाण्यांचे व्यापारी कोण कोण आहेत ते नागेंद्रला तोंडपाठ. कुठंतरी पाणी मुरतंय, त्याची खात्रीच झाली. त्या भरात डोक्यात एक विचार असाही आला की, शेवटी हे लोक... पुढचे शब्द त्यानं स्वतःशीही उच्चारले नाहीत. पण विचार आला होता, हे खरं, आणि त्याची त्याला लाज वाटली हेही खरं. लाज वाटूनही तो दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बसमध्ये बसला.

सुगतनं दार उघडलं. न कळवता आलास, म्हणाला, पण चेहरा खुलला. त्याची बायको पारमिता घरात नव्हती. नागेंद्रनं पाणीसुद्धा न घेता ट्रे बघायला मागितले. सुगतनं एकेक ट्रे समोर ठेवला. नागेंद्र नाण्यांवरून नजर फिरवत होता, पण नाण्यांवर बोलत नव्हता, आणि हे सुगतच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. कुठला शोधतोस, त्यानं विचारलं. नागेंद्र खुंटीवरच्या पिशवीकडं बोट करून म्हणाला, "त्यात काय हाय?"

सुगतनं उठून पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. मोठाले लिफाफे, गोळ्यांची पाकिटं, कोल्हापूरच्या हॉस्पिटलची फाईल. हृदयाच्या तीन नळ्या बंद, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ह्या नादातली माणसं त्याला ठाऊक होती. गडी आजारी पडला असं कळलं की लागलीच फोन सुरू होतात, संग्रह विकणार काय म्हणून. जिता असताना वाटण्या बघायच्या नव्हत्या त्याला.

इथं तरी नागेंद्रनं जीभ आवरायची होती. दुसरा कुणी असता तर त्यानं दोस्ताचा हात धरला असता. पण संशय असा हलकट की त्याला ती फाईलसुद्धा पुरावाच वाटली. ऑपरेशन म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे गरज, असा त्यानं उभ्याउभ्या हिशेब मांडला.

"गरज हुती तर मागायचं हुतंस रं सुगत," तो म्हणाला. "न विचारता न्यायचं न्हवतं."

सुगतनं शर्टाचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. पेन निघालं, बसचं तिकीट निघालं. मग तो एवढंच म्हणाला, "जाताना दार ओढून घे, नागू."

ऑपरेशनला नागेंद्र गेला नाही. घरात काही बोलला नाही. आतून कुरतडत होतं, पण बोलायचं कुणाजवळ? जीव राहून राहून म्हणायचा, चोरलाय त्यानंच, आणि मग म्हणायचा, खिसे कसे काढून दाखवले बघ.

असाच तो एके सकाळी चपला घालत होता. आईनं आतून हाक मारली. अक्काताई देव्हाऱ्यापुढं बसली होती, मोबाईल अजून हातात, डोळे भरलेले. पारमिताचा फोन येऊन गेला होता. ऑपरेशन झालं, सुगत धोक्याबाहेर आहे, आज उठून चार पावलं चालला म्हणे.

"तुला कसं ठावं?" नागेंद्रनं विचारलं.

पारमितानंच सांगितलं होतं, महिना झाला. नागूला सांगू नका, घोर लावून घेईल, असं सुगतचंच म्हणणं. अक्काताईनं देवीच्या टाकामागं हात घातला आणि हळदीच्या पिवळ्या फडक्याची गाठ काढून पाटावर ठेवली. तिच्या माहेरची रीत होती, घरातलं माणूस अडलं की यल्लम्माच्या नावानं चांदीचा रुपया बांधून ठेवायचा आणि नवस फिटेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर नवस वाया.

"तू विचारलास तवा बोलता आलं न्हाय बघ," ती म्हणाली. "नवसाला जीवाभावाचं घालावं लागतंय. तुझा दोस्त, म्हणून तुझा लाडका रुपया घेतला. सुगत देव मानत न्हाय, मला ठावं हाय. म्हणून त्याला न विचारता बांधलं. माझा हाय की इस्वास."

नागेंद्रनं फडक्यावरून बोट फिरवलं. आत गोल, जाड, ओळखीचा काठ लागला. त्यानं गाठीला हात घातला.

अक्काताईनं त्याचा हात बाजूला केला. ज्याच्या नावानं बांधला त्याच्या हातानंच गाठ सोडवायची असते, म्हणाली. हिंडाय-फिराय लागला की त्याला घेऊन ये, मी पुरणपोळ्या करतो, त्याला आवडत्यात.

ह्या गोष्टीला काही महिने झाले. सुगत आता कॉलेजात जातो, निपाणीच्या बाजारात दिसतो म्हणून शामू सांगतो. नागेंद्र फोन हातात घेतो, नाव काढतो, आणि ठेवून देतो. रुपया घरातच आहे, हातभर अंतरावर, फडक्यात बांधलेला. किल्ली त्याच जागी खिळ्याला आहे. आणि रोज सकाळी दिवा लावताना अक्काताई विचारते, "सुगतला कवा आणतोस रं?"