‘मधली सुट्टी’चा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला फारसे काही वाटत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. आत्मकथा म्हटली की तुम्ही रुमाल काढून बसता. पण माझ्या पोटात एक लहानशी मोटर, थोड्या तारा आणि चार सेलची जागा आहे. त्यात दुःख ठेवायला कोपरा नाही. मी ऐकतो आणि ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणतो. डोळे मला नाहीत, त्यामुळे पुढे जे सांगेन ते सगळे ऐकीव आहे. पण कानांना मी पक्का आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला एक बाई बसत. प्रत्येक नव्या यंत्रात त्या कॅसेट घालत, “एक, दोन, तीन, येतंय का ऐकू?” असे म्हणत आणि ते परत वाजवून बघत. माझ्यात शिरलेला तो पहिला माणसाचा आवाज. त्यांनी कॅसेट काढून पुढच्या यंत्रात घातली आणि तो आवाज तिच्याबरोबर गेला. आवाज येतात आणि जातात, याची सवय मला अशी जन्मापासूनच आहे.

माझी एक रचना तुम्हाला ठाऊक असायला हवी. काही नवीन नोंदवायचे असले की माझे लाल बटण आणि त्याच्या शेजारचे बटण एकदम दाबतात. मग फीत सरकू लागते आणि वाटेत तिला दोन तुकडे भेटतात. पहिला तुकडा फितीवरचे आधीचे सगळे पुसतो. दुसरा नवे लिहितो. आधी पुसायचे, मग लिहायचे. फळा पुसणाऱ्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. मलाही कधी वाटले नाही.

शाळेत मला भाषेच्या सरांनी आणले. वर्गात कविता ऐकवायला. काही दिवस मुले गप्प बसून कविता ऐकत, मग ती माझ्या आवाजावर जांभया देऊ लागली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे नकाशे आणि मोडक्या पट्ट्या यांच्यात मी बराच काळ पडून होतो. कोणी विचारले नाही, मीही काही बोललो नाही. सेलच नव्हते.

मग शाळेचे वर्तमानपत्र निघाले. ‘मधली सुट्टी’ त्याचे नाव. चार पानी, महिन्यातून एकदा. त्याची कचेरी म्हणजे जिन्याखालची तिरपी खोली. वर्ग सुटला की डोक्यावरून सगळी शाळा धडधडत उतरायची आणि आत चाललेले बोलणे बुडून जायचे. बातमीदार तेवढा वेळ तोंड उघडे ठेवून थांबत आणि मग पुढचा शब्द बोलत. सरांनी मला कपाटातून काढून या खोलीतल्या टेबलावर ठेवले.

या वर्तमानपत्राची संपादक दहावीतली एक मुलगी होती. सगळे तिला संपादकबाई म्हणत, अगदी सरसुद्धा. आवाज करकरीत, आणि नियम तर त्याहून. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला ती तेच ऐकवायची.

“एक, आपल्या घरच्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही. तिथे बसायचंसुद्धा नाही. दोन, उत्तर मिळालं की लगेच बटण बंद. सेल काय झाडाला लागतात? आणि तीन, अंक निघाला की तीच कॅसेट पुन्हा वापरायची. कपाटात आवाज साठवून लोणचं घालायचंय का?”

नियम चांगले होते. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी मुलाखतीत सांगितले की मुलांच्या बाजूचा बंद नळ आठ दिवसांत सुरू होईल. महिना गेला तरी नळ कोरडा. संपादकबाई मला बगलेत मारून त्यांच्या खोलीत गेली.

“असं मी कधी म्हटलं?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

तिने बटण दाबले. मी त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवले. 

“बरं, बरं. आजच माणूस बोलावते,” त्या म्हणाल्या.

नळाला पाणी आले. त्या अंकानंतर मला सगळ्यांनी थोपटले. “हा आपला सगळ्यात खरा बातमीदार,” संपादकबाई म्हणाली. माझे कौतुक झाले ते एवढेच, पण झाले.

तिच्या बातमीदारांत आठवीतली एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत. ती हळू चाले, हळू लिही, आणि मुलाखत संपली तरी बटण बंद करायला हमखास विसरे. मग वहीची पाने उलटल्याचे, पेनाचे टोपण लावल्याचे, “येते हं” म्हटल्याचे आवाज माझ्यात विनाकारण भरत. संपादकबाई दर वेळी तिचे कान उपटायची. गोगलगाय दर वेळी “चुकलं, ताई” म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विसरायची.

‘पडद्यामागचे’ नावाचे एक सदर होते. शाळेत जे राबतात पण ज्यांचा फोटो कधी लागत नाही, त्यांच्याबद्दल. एका महिन्यात बसकाकांचा नंबर लागला. बसकाका म्हणजे शाळेच्या बसचे ड्रायव्हर, आणि संपादकबाईचे वडील. नियम म्हणजे नियम. तिने गोगलगायीला आत पाठवले आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसली.

बसकाकांचा घसा तेव्हा बसलेला होता. “पोरांवर ओरडून ओरडून झालंय हे,” ते म्हणाले, “दोन महिने झाले, बरा म्हणून होत नाही.” गोगलगाय हसली. तेही हसले. मग त्यांनी बरेच सांगितले. बस सोडताना ते डोकी मोजत नाहीत, नुसता गलका ऐकतात. गलका कमी भरला की कोणीतरी मागे राहिलेय हे कळते, आणि मग ते इंजिन बंद करून वाट बघतात. घरात आपल्यापेक्षा कडक साहेब राहतो, असेही ते म्हणाले आणि मोठ्याने खोकले.

मुलाखत संपली. गोगलगाय बटण विसरली. शेवटी संपादकबाईनेच आत येऊन ते दाबले आणि तिला बोल लावले.

मजकूर लिहून झाला तेव्हा संपादकबाईने तो वाचला. “कडक साहेबाचं वाक्य काढ. नात्यातलं आहे,” ती म्हणाली. वाक्य गेले. कॅसेट तिने ऐकली नाही. तिला त्याची गरज वाटली नाही. तो आवाज तर घरी रोज ऐकू येत होता.

अंक निघाला. पुढच्या आठवड्यात बक्षीस समारंभ होता. संपादकबाईने फीत मागे नेली, मला व्यासपीठावर ठेवले आणि लाल बटण दाबले. मुख्याध्यापिकाबाई बोलू लागल्या. त्यांचे भाषण नेहमीच लांबते. फीत सरकत राहिली, पहिला तुकडा पुसत राहिला, दुसरा लिहीत राहिला. बसकाकांचा गलका गेला, इंजिन गेले, कडक साहेबही गेला. मला काहीही वाटले नाही.

त्यानंतर संपादकबाई बरेच दिवस शाळेत आली नाही. बस दुसरे कोणी चालवू लागले. जिन्याखालच्या खोलीत सरांनी मुलांना जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, “बसकाकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्यांना बोलता येणार नाही.”

तेवढ्यात घंटा झाली आणि शाळा डोक्यावरून धडधडत उतरली.

ती आली तेव्हा खोलीत गोगलगाय एकटीच होती. संपादकबाईच्या आवाजातली करकर गेली होती. तो सपाट झाला होता, बाजारभाव वाचून दाखवावेत तसा.

“बाबांची कॅसेट कुठाय?”

“ताई, त्याच्यावर तर...”

“माहितीये. मीच केलंय. लाव.”

गोगलगायीने फीत मागे नेऊन मला चालू केले. मुख्याध्यापिकाबाई पहिल्यापासून बोलू लागल्या. शिस्त, परिश्रम, यश. दोघी ऐकत होत्या. मध्येच गोगलगाय म्हणाली, “ताई, मी त्या दिवशी बटण बंद करायला विसरले होते.”

“माहितीये,” संपादकबाई म्हणाली. “ओरडले होते मी.”

भाषण संपले. टाळ्या झाल्या. खट् असा आवाज आला. आणि त्या आवाजाच्या पलीकडे, जिथवर पुसणारा तुकडा पोहोचला नव्हता तिथून, बसलेल्या घशाचा एक माणूस बोलू लागला.

“...झालं ना तुझं? मग ते मशीन बंद कर की, बाळा. सेल उतरले तर बाहेर बसलीये ना, ती आपल्या दोघांना फाडून खाईल.” मग खोकला. मग खुर्ची सरकली आणि तोच आवाज दाराकडे वळून मोठा झाला. “भिंगरे! ए भिंगरे! ये आत, संपलं आमचं!”

तिचे घरातले नाव भिंगरी आहे हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. फितीवर झपझप पावले वाजली आणि पाठोपाठ तो करकरीत आवाज आला.

“बाबा, शाळेत या नावानं हाक मारायची नाही. किती वेळा सांगायचं?”

खट्. पुढे कोरी फीत.

मित्रांनो, मी खरा बातमीदार. मी तिला तिचेच वाक्य ऐकवले. मुख्याध्यापिकाबाईंना ऐकवले होते तसेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. ती रडली असती तर मला ऐकू आले असते. ती रडली नाही. तिने कॅसेट बाहेर काढली, कंपासपेटी उघडली आणि कर्कटकाच्या टोकाने कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची इवलीशी पट्टी मोडली. ती पट्टी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही नोंदवता येत नाही. लाल बटण खाली जातच नाही. कॅसेट पुन्हा आत घालून तिने ते दाबून पाहिले. गेले नाही.

मग ती मला घेऊन सरांकडे गेली. “सर, हा मी घरी नेऊ?” तिने विचारले.

“ने,” सर म्हणाले. “पेपरला लिहायला हात आहेत की.”

अशी माझी शाळेतली नोकरी संपली.

त्यांच्या घरी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबांचा श्वास आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून येतो. तो मला लांबूनही ओळखू येतो. मी येण्याआधीचे मला आईच्या बोलण्यातून कळले. ते पाटीवर लिहीत. पण पाटीला हाक मारता येत नाही. तिला बोलवायचे झाले की ते ताटलीवर चमचा वाजवत. आईने एकदा म्हटले, “अहो, ती काय मांजर आहे?” त्यानंतर ते उठून आतल्या खोलीत जात आणि तिच्या खांद्याला हात लावत. अभ्यासात बुडालेली ती दचकायची. मग त्यांनी तेही कमी केले. तिघे जेवायला बसत आणि भांड्यांचेच आवाज होत.

तिने मला आणले त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले आणि चालू केले. “भिंगरे! ए भिंगरे! ये आत, संपलं आमचं!” एवढे झाले आणि तिने घाईने मला बंद केले. आईच्या हातातले भांडे वाजायचे थांबले. बाबांनी मला फळीवरून खाली घेतले आणि पुन्हा चालू केले, आणि शेवटपर्यंत जाऊ दिले.

“शाळेत या नावानं हाक मारायची नाही. किती वेळा सांगायचं?”

“बाबा, मी...” ती म्हणाली.

हसण्याचा आवाज आला नाही. पण ज्या टेबलावर मी होतो ते टेबल हलत होते, आणि गळ्यातला श्वास तुटक येत होता. मग पाटीवर खडू चालला. तिने पाटी आईकडे सरकवली. आईने वाचून दाखवले.

“घरात चालेल ना?”

त्या वेळी ती रडली. मी ऐकले. खूप वेळ ऐकले.

तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. जेवण तयार झाले की बाबा फीत थोडी मागे नेतात, नेमक्या जागी थांबवतात आणि मला चालू करतात. मी हाक मारतो. आणि तिचे ते उत्तर यायच्या आत ते बटण दाबून मला बंद करतात. इतक्या वेळेवर बटण दाबणारा माणूस ‘मधली सुट्टी’ला कधीच मिळाला नाही.

फीत झिजते आहे. सेल उतरले की हाक जड आणि लांब होते, विहिरीतून आल्यासारखी. म्हणून मित्रांनो, घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याचे सेल वेळच्या वेळी बदला, उन्हात ठेवू नका, धूळ पुसा. आणि कोणाचे बोलणे ऐकायला बसलात, तर उत्तर मिळाले म्हणून लगेच बटण दाबू नका. माणूस उठून दाराकडे जाईपर्यंत फीत चालू ठेवा. गोगलगाय आता संपादक आहे असे ऐकतो. तिने हा नियम केला असेल तर बरे.

मला फारसे काही वाटत नाही हे मी सुरुवातीला म्हटले होते. अजूनही तसेच म्हणतो. एवढेच सांगायचे राहिले की अलीकडे हाक पुरी व्हायच्या आधीच आतल्या खोलीतून आवाज येतो, “आले, बाबा!” तो माझ्या फितीवर नाही. माझे लाल बटण आता दाबले जात नाही, त्यामुळे ते उत्तर तिला रोज नव्याने द्यावे लागते.