मेलेले चालत येतात

अमळनेरच्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर मी अकरा वर्षं तिकिटं फाडली. कोणतं चित्र चालेल आणि कोणतं तिसऱ्या दिवशी पेटीत जाईल, हे मला पोस्टर बघूनच कळायचं. टॉकीज इंदरचंद शेठची, पण अक्कल माझी. त्र्याहत्तर साली रविवारच्या दुपारच्या खेळाला एक इंग्रजी चित्र आलं. मेलेली माणसं उठतात आणि पाय घसटत जिवंतांच्या घरांवर चालून येतात, एवढीच गोष्ट. शेठ जैन, कांदासुद्धा न खाणारे. मुडदे माणसं खायला लागल्यावर ते उठून बाहेर आले आणि म्हणाले, "सुमनबाई, पुढच्या रविवारी धार्मिक लावू."

"लावा, आणि तुम्हीच बसा बघत," मी म्हटलं. "शेठ, हे चित्र महिनाभर हलत नाही."

नाहीच हललं. इंग्रजी कोणाच्या बापाला कळत नव्हतं, पण मुडदे बोलतच नाहीत, मग कळायचं काय राहिलं? तेच तेच लोक परत यायचे. शेठ विचारायचे, यांना मिळतं तरी काय? मी सांगायचे, अहो, प्रत्येकाच्या घरातून कोणीतरी गेलेलं असतं. तो परत आला तर दार उघडायचं की कडी लावायची, हे घरी बसून कोण बोलणार? इथं अंधारात बघून घेतात. शेठना हे पटायचं नाही. न पटो.

दर रविवारी माझ्या दारानं एक बाई एकटी यायची. भिकुबाई तिचं नाव. सात मैलांवरच्या खेड्यातली, कापसाच्या जिनात कामाला. कपाळ मोकळं, हात मोकळे. बाकीच्या बायका भ्यायच्या, किंचाळायच्या, एकमेकींना चिमटे काढायच्या. ही मात्र ओठ घट्ट मिटून बसायची. मला वाटायचं, बिचारी फारच भ्याली.

पाचव्या रविवारी समोरच्या चहाच्या टपरीवरून एक माणूस उठून माझ्याकडे आला. टोपी हातात, नजर खाली.

"अक्का, आत गेली ती भिकुबाई माझी बायको. मी तोताराम. मी मेलोय."

मी म्हटलं, मेलास तर इथं उन्हात काय करतोस?

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हा सुरतेला कामाला गेला. तिथं यंत्रात हात सापडला, म्हणून शेजाऱ्याकडून घरी कार्ड लिहून घेतलं: दुखलंय, यायला उशीर होईल, उत्तर धाडा. कार्ड पेटीत टाकायला गेला आणि दातात सुपारी अडकली. या शहाण्यानं कार्डाचा कोपरा फाडला, दात कोरला आणि कार्ड टाकून दिलं.

आता आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस गेल्याचं कार्ड. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, घरात ठेवत नाहीत. याच्या बापानं ते पोस्टमनच्या हातात बघितलं आणि तिथंच खाली बसला. वाचता येणारा घरात कोणी नव्हता. आणि वाचायचं तरी काय? कार्ड सुरतेचं, एवढं पोस्टमन म्हणाला, आणि सुरतेला यांचा एकटा तोतारामच. कार्ड फाडून टाकलं, घरानं आंघोळ केली, दहावं झालं, तेरावं झालं. भिकुबाईच्या बांगड्या फुटल्या. इकडे याच्या कार्डाला उत्तर नाही, म्हणून हा रुसून बसला. पुन्हा लिहिलंच नाही.

"दोन वर्षं?" मी विचारलं.

"मला वाटलं, यांना माझी गरज नाही."

महिन्यापूर्वी तो घरी आला. गाव आधी पळालं, मग हसलं. भटजींनी शांती केली, बापानं गळ्यात पडून रडून घेतलं. एकट्या भिकुबाईनं खोलीचं दार लावून घेतलं ते त्याच्यासाठी उघडलंच नाही. कुंकूही लावलं नाही. तोताराम म्हणाला, "ती मला भूत समजते. तिनं घरात घेतलं नाही, तर मी परत सुरतेला जातो आणि या वेळी खरंच मरतो." त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली आणि रागही आला.

"थांब. मी करते," मी म्हटलं. बायकांच्या दाराला जाड पडदा होता, त्या माझ्या पडद्याआड कधी पुरुषमाणूस आला नव्हता. त्या दिवशी मी त्याला आणून उभा केला. मध्यंतर झालं, तशी मी भिकुबाईला कोपऱ्यात घेतली.

"बाई, भुताचे पाय उलटे असतात. तुझ्या नवऱ्याचे मी आत्ताच बघितले, सरळ आहेत. भिऊ नकोस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी अकरा वर्षांची अक्कल पायाशी आली.

"अक्का, मी भुतले भ्यास नही," ती म्हणाली. "ह्या मरेल लोके देखा. कोनाना हात तुटेल शे, कोनाना पाय मोडेल शे, तरी येतस. दार ठोकतस, हटतस नही. नि मना धनी? जित्ता व्हता. दोन वरीसमा याले दुसरं कारड धाडता उनं नही. ते देखाले मी दर आइतवारले येस." आणि मग ती रडायला लागली. दोन वर्षांचं रडं होतं ते, मी मध्ये पडले नाही.

पडद्यामागून तोताराम बाहेर आला. तिनं त्याला बघितलं, डोळे पुसले, पदर सारखा केला.

"यष्टीमा बसानं नही," ती त्याला म्हणाली. "पायी या. दार उघडं ठेवस."

तो तसाच निघाला. ऊन रणरणत होतं, पण मी त्याला थांब म्हटलं नाही. भिकुबाई उरलेला खेळ न बघता स्टँडवर गेली. ती बसली त्या गाडीचा कंडक्टर मगन आमच्या गल्लीतला. त्यानं नंतर सांगितलं की गावाबाहेर रस्त्याच्या कडेनं एक माणूस चालत होता, आणि गाडी पुढं निघून गेली तरी ती बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिली, चालतोय की नाही ते.