तिसऱ्यांदा नको

राज्याच्या आरोग्य खात्याची लोर्ना सोमवारपासून दवाखान्यात तळ ठोकून होती. मंदीतून सावरायला वॉशिंग्टनने मोकळ्या हाताने जो निधी सोडला, त्यातून नॉर्थ डकोटातले खेड्यापाड्यांतले दवाखाने संगणकाने मोठ्या इस्पितळांशी जोडायचे होते. शुक्रवारी जुनी कागदी कार्डं तळघरात जाणार होती.

नर्स आर्डिसला त्या शुक्रवारचीच धास्ती होती. एकतीस वर्षांत तिने प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवलं होतं. सुई बघून कोण भोवळ येऊन पडतो, कोणाशी आधी वासरांबद्दल बोलायचं. ती निवृत्त झाल्यावर ही माणसं ओळखणार कोण?

"अगं, तुझ्या या खोक्याला आमची माणसं कळायची नाहीत," ती म्हणाली.

"आर्डिस, तुम्ही एकदा वापरून तर बघा!"

गुरुवारी सकाळी ऑर्विल स्कार बर्फातून चाळीस मैल ट्रक हाकत आला. लोर्नाने उत्साहाने त्याला खुर्ची दिली.

"शून्य ते दहामध्ये सांगा, दुखतंय किती?"

"दोन म्हणा," ऑर्विल टोपी हातात फिरवत म्हणाला. "छातीत जरा जड वाटतंय. तसं काही विशेष नाही. तुम्ही कामात असाल तर सोमवारी येतो."

लोर्नाने दोन आकडा टाकला. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. थांबायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

आर्डिसने लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे केलं. "घे रे."

"नको, नको."

"अरे, एक तरी."

"नको, उगाच कशाला."

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. त्या तालुक्यात दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे लहान पोरालाही ठाऊक.

"ऑर्विल, घे म्हणते ना!"

"नको, आर्डिस."

आर्डिसने ताट धाडकन ठेवलं. "डॉक्टर! लवकर या! आणि तू काय बघत बसलीस, अँब्युलन्स बोलाव!"

हृदयविकाराचा झटकाच होता तो. अँब्युलन्स फार्गोच्या मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर असतानाच लोर्नाने संगणकावरून त्याचे सगळे कागद आणि हृदयाचा आलेख तिथल्या डॉक्टरांपुढे पोचवले. तो पोचला तेव्हा ते तयारीत उभे होते. ऑर्विल वाचला.

"दोन म्हणाला होता हो तो!" लोर्ना म्हणाली.

"आमच्याकडचे दोन म्हणजे आठ धर." आर्डिस पडद्याकडे बघत राहिली. कार्ड फार्गोला इतक्या लवकर कधीच पोचलं नसतं, हे तिलाही कळत होतं. "यात लिहायला कुठे कोपरा आहे का गं?"

लोर्नाने 'इतर नोंदी'ची रिकामी चौकट उघडून दिली. आर्डिस शुक्रवारचा अख्खा दिवस कार्डांच्या कोपऱ्यांतल्या नोंदी एका बोटाने टाइप करत बसली.

मंगळवारी फार्गोच्या नर्सचा फोन आला. "तुमचे स्कार बरे आहेत म्हणतात, घरी जायचंय. पण तुमची नोंद वाचली, म्हणून तीनदा केक विचारला."

आर्डिसचे डोळे एकदम भरून आले. "तिसऱ्यांदा घेतला?"

"दोन तुकडे घेतले."

"मग खुशाल सोडा त्याला घरी."