दखलपात्र शांतता

तक्रारताईंनी कंपनीकडे एक माणूस मागितला होता. कंपनीने त्यांच्याकडे श्वास पाठवला.

वॉशिंग मशीन विकणाऱ्या त्या कंपनीच्या तक्रार विभागात पूर्वी दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर माणसं होती. शेजारची बाई दुसरीकडे नोकरी मिळून निघून गेली. तिची खुर्ची राहिली आणि तिचे फोन तक्रारताईंच्या कानावर आले. ताईंना पाळण्यातलं नाव होतंच, पण शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत कुणालाच ते वापरायची गरज पडली नव्हती. शेजारी माणूस नाही म्हणून रजा नाही, आणि रजा नाही म्हणून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. आता तिसरी तारीख मिळाली होती.

"या खेपेला आली नाहीस तर मी एकटी जाईन," आई फोनवर म्हणाली. "दिसत तर काही नाहीच. चुकीच्या खोलीत शिरेन आणि गुडघा बदलून येईन. मग बस डोळा आणि गुडघा दोन्ही धरून."

ताण सोसवत नाही, माणूस द्या, असं ताईंनी वर कळवलं. वर म्हणजे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाला. कंपनीत त्याला नुसतं 'मनुष्यबळ' म्हणत, कारण माणसं कमी करण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने विनंतीचा पूर्वार्ध मन लावून ऐकला आणि उत्तरार्ध सुरू व्हायच्या आत म्हणाला, "ताण ना? घालवू की!"

अशा रीतीने श्वासबाई आल्या. सजगतेवर आधारलेला मानसोपचार ही त्यांची विद्या. पदव्या एवढ्या, की त्या टांगायला एक भिंत कमी पडावी. सत्रं जेवणाच्या सुट्टीत होत, कारण कामाच्या वेळात शांत होणं कंपनीला परवडणारं नव्हतं. बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी चपला-बूट काढून बसायचं, डोळे मिटायचे आणि दुसऱ्यांच्या मोज्यांचा वास घेत श्वासाकडे लक्ष द्यायचं.

"विचार येतील," श्वासबाई म्हणाल्या. "राग येईल, भीती येईल. येऊ द्या. हुसकायचं नाही, मागे धावायचं नाही. काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त दखल घ्यायची."

तक्रारताई फसकन हसल्या.

"काय झालं?"

"काही नाही हो. 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे,' हे मी दिवसभर लोकांना ऐकवते. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ काय होतो माहितीये? आता फोन ठेवा आणि हाताने धुवा."

हिशेब विभागातले दोघं मिटल्या डोळ्यांनीच खिदळले. श्वासबाईंनी मान तिरकी केली. "हा तुमच्या मनाचा प्रतिकार आहे, ताई," त्या मायेनं म्हणाल्या. "त्याचीही दखल घ्या."

खरं म्हणजे ताई स्वतःवर अन्याय करत होत्या. ते वाक्य बोलून फोन ठेवला की त्यांचं काम सुरू होई. मेकॅनिकला टपरीवरून उठवायचं, 'पार्ट नाही' म्हणणाऱ्या गोदामवाल्याशी हमरीतुमरीवर येऊन मशीनचा पट्टा काढून घ्यायचा, संध्याकाळी गिऱ्हाइकाला विचारायचं, फिरतंय का? एवढं केलं की मशीन फिरे आणि ताईंचं डोकंही फिरे. ताण म्हणतात तो हाच.

सत्रं संपत आली तेव्हा त्यांनी मनुष्यबळाला गाठलं. "माझ्या माणसाचं काय झालं?"

"आधी उपचार तर पुरा होऊ द्या. ताण गेला तर माणसाची गरजच उरणार नाही."

"आणि नाही गेला तर?"

"तर आणखी सत्रं लावू! तुम्हाला काही कमी पडू देणार नाही, ताई."

"माणूस सोडून."

"अहो, माणसाचं काय, आज आहे, उद्या राजीनामा देईल. मनःशांती कायम तुमचीच."

ताई जागेवर येऊन बसल्या. थोबाडीत मारावी की टेबल उलटं करावं, यावर थोडा विचार झाला. मग त्यांनी ठरवलं, उपचार सांगितलाय अगदी तसाच घ्यायचा.

फोन वाजला. "अहो बाई, तुमचं मशीन चालत चालत न्हाणीघरातून बाहेर आलंय! सासूबाई घाबरून पलंगावर चढल्यात!"

"दखल घेतली," ताई म्हणाल्या. "सासूबाईंचीही."

आणि फोन ठेवला. मेकॅनिकला उठवलं नाही. चुटपुट लागली, तिला येऊ दिलं. ती बराच वेळ बसली, मग कंटाळून गेली.

काही दिवसांतच ताईंचा रक्तदाब उतरला, चेहऱ्यावर तुकतुकी आली. श्वासबाईंना भरून आलं. मनुष्यबळाने ताईंचा डोळे मिटलेला फोटो जिन्यात लावला आणि खाली छापलं, 'आम्ही आपल्या माणसांना जपतो'.

गिऱ्हाइकांची सत्रं मात्र झालेली नव्हती. खाली दाद लागेना म्हटल्यावर ती वर चढली. साहेबांचे फोन वाजू लागले, घरचेसुद्धा. एक बाई तर ओल्या चादरींची बादली घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि गालिच्यावर चादरी पिळायला बसली.

ती गेल्यावर साहेबांनी ताईंना आणि मनुष्यबळाला बोलावलं. पाय ठेवला की गालिचा पचपच वाजत होता.

"काय चाललंय काय तुमच्या विभागात?"

"दखल घेणं चाललंय, साहेब."

"पुढे काय करता?"

"पुढे काही करायचं नसतं. करायला गेलं की ताण येतो." ताई जरा पुढे वाकल्या. "तुमचे खांदे बघा, कानाला टेकलेत. सैल सोडा."

साहेबांनी खांद्यांऐवजी आवाज सोडला. "उद्याच्या उद्या हिच्या शेजारी माणूस बसव! ऐकलंस?"

"बसवतो, सर," मनुष्यबळ म्हणाला.

ताईंनी संध्याकाळी आईला कळवलं, परवा नक्की येते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीवर श्वासबाई बसल्या होत्या. जाहिरात, मुलाखती, कोण यातायात करणार? मनुष्यबळाने हाताशी होत्या त्यांनाच कायम करून टाकलं होतं. "कर्मचारी स्वास्थ्य अधिकारी!" तो अभिमानाने म्हणाला. "आता या दिवसभर तुम्हाला सावरतील."

ताईंनी श्वासबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेबांनी माणूस सांगितला होता. या माणूसच ना?"

"म्हणजे काय! अर्थात."

"मग झालं तर." ताईंनी आपला हेडफोन काढला आणि श्वासबाईंच्या कानांवर नीट बसवला. "उद्या आईचं ऑपरेशन आहे. मी चालले."

"अहो, पण मी मानसोपचार..." श्वासबाई उठू लागल्या, तेवढ्यात फोन आला. "नमस्कार. मला तुमच्या आवाजात राग जाणवतोय." पलीकडून जे आलं ते ताईंना जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून उरलेल्या डोळ्याने नर्सच्या चुका काढत होती, तेव्हा ताईंचा मोबाइल वाजला. श्वासबाईंचा घसा बसला होता.

"ताई, तो गोदामवाला पट्टा देत नाहीये. मी म्हटलं, तुमची अडचण मला समजते. तर म्हणाला, समजते ना, मग ठेवा फोन. तुम्ही त्याला नेमकं काय म्हणता हो?"

ताई बाहेर व्हरांड्यात गेल्या, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि सांगितलं.

पलीकडे कागद-पेन शोधल्याची खुडबुड ऐकू आली.

"शेवटचं परत सांगा," श्वासबाई म्हणाल्या. "आणि जरा सावकाश."