गणपूर्तीच्या उंबऱ्यावर

मी एक जुना दरवाजा आहे, पण मोडकळीला आलेला मुळीच नाही. राज्याच्या विधानसभेत शिरायचे तर आजही माझाच उंबरा ओलांडावा लागतो. सुताराने माझ्या दोन्ही फळ्या अशा जुळवल्या, की मिटल्यावर मधून कागदही सरकत नाही. सुरुवातीला सगळे माझ्या नक्षीवरून कौतुकाने हात फिरवत. पुढे नक्षीकडे कुणी बघेना. कोण आत आले आणि कोण बाहेर गेले, एवढेच बघत.

मित्रांनो, त्याचे कारण गणपूर्ती. कामकाज चालायला निदान इतके सदस्य आत हवेतच, असा तो नियम. आमच्याकडे दोन तृतीयांश लागत. विरोधकांना एखादा कायदा नको असला, की ते उठून बाहेर पडत आणि सगळेच ठप्प होई. जाताना मला धाडकन आपटत. माझ्या बिजागऱ्यांनी ते राग मुकाट सोसले.

विरोधी पक्षनेते म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्षबाईंचे सख्खे थोरले भाऊ. म्हणून मीही त्यांना दादाच म्हणतो. आत त्या त्यांना 'सन्माननीय सदस्य' म्हणत आणि बाहेर पडताच विचारत, "दादा, जेवलास का?"

एका वर्षी खाणींच्या कायद्याला विरोध म्हणून दादांची माणसे अधिवेशनभर बाहेर राहिली. तो कायदा अडला, पण त्याच्यामागे धोकादायक पुलांच्या दुरुस्तीचाही अडला. दादांच्या गावचा पूल बंद झाला. लांबच्या वळशाने दवाखान्यात नेताना त्यांची सून गाडीतच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण पुलांचा कायदा आपणच अडवला, हे दादांना डाचत राहिले.

अध्यक्षबाईंच्या पक्षाने प्रस्ताव आणला, की गणपूर्ती निम्म्यावर आणायची. पेच असा, की त्यासाठीही दोन तृतीयांश सदस्य आत हवे होते. दादा आपल्या माणसांसह माझ्यासमोर येऊन थबकले. अध्यक्षबाई स्वतः उठून उंबऱ्यापर्यंत आल्या.

"आत आलो तर हातातलं एकमेव हत्यार जाईल," दादा म्हणाले. "उद्या तुम्ही सकाळी विधेयक मांडाल आणि दुपारी मंजूर करून मोकळे व्हाल."

"मग काय हवं ते सांग."

"वाचायला आठवडा हवा. त्याआधी मतदान नाही."

"ही अट घालायला लावते. मत देशील?"

"विरोधातच देईन, चिमे. पण मोजणीत मला धर."

दादा आत आले. मागोमाग त्यांची माणसे आली आणि गणपूर्ती झाली. अटीसह नियम बदलला. दादांनी विरोधात हात वर केला, ते हरले, पण जागचे हलले नाहीत. आठवड्याने पुलांचा कायदा मंजूर झाला. खाणींच्या विधेयकावर ते असे तावातावाने भांडले, की नदीकाठची गावे त्यातून वगळावीच लागली.

आता मला काढून काचेचा दरवाजा बसवायचे घाटते आहे. मित्रांनो, मला अजून खूप उघडायचे आहे. बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या, एवढेच मागणे. आणि मोठेपणी इथे निवडून आलात, तर मनाविरुद्ध काही होत असेल त्या दिवशी अगदी आवर्जून आत या. खुशाल कडाडून भांडा. मी दोन्ही फळ्या सताड उघडून उभा असेन.