वळणावरची टकटक

विश्राम सबनीसांच्या गाडीतून वळताना काहीतरी टकटकतं, हे सोसायटीच्या वॉचमनपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या सबनीसांना. आणि गंमत म्हणजे, जन्मभर आवाज ऐकण्याचाच पगार घेतलेला हा माणूस!

ठाण्यात कोलशेतच्या पंपांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. तयार पंप सुरू करायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभरात सबनीस सांगत, "आतल्या रिंगला चरा आहे." खोलून बघितलं की चरा असायचाच. पुढे मीटर आले, कॉम्प्युटर आले, तरी कुठे शंका आली की लोक सबनीसांनाच हाक मारत. कंपनी कानात घालायला रबरी बोळे द्यायची, ते मात्र त्यांनी एकदाही वापरले नाहीत. "कानात बोळे घालून ऐकायचं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायचं," असं ते नवीन आलेल्यांना ऐटीत सांगत. साहेबही हसून सोडून देत.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा साकेत गाडी घेऊन बाहेर गेला आणि आला तो तक्रार घेऊनच.

"बाबा, डावीकडे वळताना गाडी काय टकटक करते! तुम्हाला ऐकू नाही येत?"

"काहीही टकटक करत नाही. अकरा वर्षं मी चालवतोय ती."

"आई, तू सांग."

प्रमोदिनीबाई मटार सोलत होत्या. "येतो हो आवाज," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दिवाळीपासून येतोय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?"

यावर साकेतकडे तोडगा तयार होता. "माझ्या ऑफिसमधला एक जण पुढच्या रविवारी गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. या वयात कशाला ही झंझट? कॅब बोलावली की पाच मिनिटांत येते."

"आणि रविवारपर्यंत आवाज शोधून घालवला तर?"

"तर ठेवा की. मला काय त्रास आहे?" साकेत सहज म्हणाला आणि मूठभर मटार तोंडात टाकून निघून गेला.

साकेतला ती नुसती गाडी वाटत होती. त्यात त्याची चूक नव्हती, कारण गाडीतलं गुपित दोघांतच होतं. प्रमोदिनीबाई शीळ घालायच्या. अगदी बारीक, दातांतल्या दातांत, ओठ हलल्याचंही दिसू नये अशी. लग्न होऊन डोंबिवलीच्या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "घरात शीळ घातली की साप येतो." दुसऱ्या मजल्यावर साप कुठून येणार, हे विचारायची सोय नव्हती. मग पुढे गाडी आली आणि प्रमोदिनीबाईंना जागा सापडली. काचा वर केल्या की शीळ सुरू. सबनीस कधी काही बोलले नाहीत, फक्त स्टिअरिंगवर बोटाने ठेका धरत. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा गोडवा त्यांना दुसऱ्या कशात सापडला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी सबनीसांनी डोंबिवलीचा फ्लॅट विकून कोलशेतला, साकेतच्या शेजारच्या टॉवरमध्ये घर घेतलं. प्रमोदिनीबाई "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मैत्रिणी, भाजीवाली, फडके रोड, सगळं तिकडे राहिलं. आणि त्याच सुमाराला शीळ बंद झाली. सबनीसांनी मनाशी हिशेब मांडला: ही रागावली आहे, बोलत नाही एवढंच. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. विचारलं आणि ती "हो" म्हणाली, तर डोंबिवली परत थोडीच आणता येणार होती? पण गाडी आहे तोवर आशा होती. आज ना उद्या ती काचा वर करून पुन्हा सुरू करेल. गाडी गेली की तेही संपलं.

गुरुवारी सकाळी ते प्रमोदिनीबाईंना घेऊन खाडीकडच्या नव्या रस्त्यावर गेले. तिथे टॉवर अजून अर्धवट होते, त्यामुळे रस्ता रुंद आणि रिकामा होता. सबनीसांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं आणि ते गाडी गोल फिरवायला लागले. कान टवकारले. इंजिनाची घरघर ऐकू आली, टायरचं घासणं ऐकू आलं. टकटक? छे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून, गाडी सरळ केल्यावर ते म्हणाले, "हं. आला आवाज."

"कुठे आला? आत्ता तर तुम्ही सरळ चालवताय."

सबनीसांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी कडेला घेतली. एकतीस वर्षांत त्यांना अशी लाज वाटली नव्हती.

"मला नाही येत गं ऐकू," ते शेवटी म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, पण 'अगंबाई' नाही की सुस्कारा नाही. "मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "कसं सांगू, ते तुम्ही सांगा."

आणि इथे सबनीसांमधला तपासणीवाला जागा झाला. स्वतःला ऐकू येत नसेल तर मोजमाप दुसऱ्याच्या हातून घ्यायचं, एवढं सोपं होतं ते! "दर टक्‌ला माझ्या गुडघ्यावर एक टिचकी मार. मनाने काही घालू नकोस. जसा येईल तसा."

आधी सरळ. गुडघा शांत. मग गाडी जागेवर उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं. तरी शांत. "म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग नाही," सबनीस पुटपुटले. मग उजवीकडे गोल. काही नाही. मग डावीकडे, आणि गुडघ्यावर टिचक्या सुरू झाल्या. टिच्, टिच्, टिच्. त्यांनी वेग थोडा वाढवला, टिचक्या जलद झाल्या. कमी केला, मंदावल्या.

"चाकाबरोबर फिरतंय!" सबनीस जवळजवळ ओरडलेच. "घासल्यासारखा आहे की तुटक?"

"तुटक. सुपारी कातरल्यासारखा."

"बेअरिंग असतं तर घरघरलं असतं. हा चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा जॉइंट आहे. आणि डावीकडे वळताना जोर येतो उजव्या चाकावर. उजव्या बाजूचा, बाहेरचा जॉइंट!"

"एवढं सगळं माझ्या टिचक्यांवरून?" प्रमोदिनीबाईंना खरंच कुतूहल वाटलं. "पुन्हा करा बघू. उलटी गाडी घेतली तर काय होतं?"

मग उलटी घेऊन झाली, मग रस्त्याच्या उंचवट्यावरून झाली. दोघांना इतकी मजा यायला लागली की एक बांधकामावरचा माणूस हातातलं घमेलं खाली ठेवून बघत राहिला. म्हातारा-म्हातारी सकाळी सकाळी गरागरा का फिरतायत, त्याला काही कळेना.

दुरुस्तीला कल्याणच. ठाण्यात गॅरेजं पुष्कळ, पण सबनीसांच्या गाडीला हात लावायचा तो दौलतने. डोंबिवलीच्या दिवसांपासूनचा हा रिवाज मोडायचा नाही, मग वाटेत भिवंडीच्या ट्रकांमागे तासभर रखडावं लागलं तरी चालेल.

दौलतने गाडी उचलली, उजवं चाक काढलं आणि टॉर्च मारली. जॉइंटवरचं रबर फाटलं होतं. आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळं फासलं गेलं होतं.

"काका, मानलं तुम्हाला!" दौलत म्हणाला. "आमची पोरं दोन दिवस खोलत बसली असती. तुम्ही येतानाच सांगितलं, राइट साइड, बाहेरचा. कान अजून एक नंबर आहे तुमचा."

गॅरेजमधली दोन-तीन माणसं कौतुकाने बघत होती. गप्प राहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. सबनीस म्हणाले, "कान माझा नाही, दौलत. हिचा. मला ती टकटक अजिबात ऐकू येत नाही."

प्रमोदिनीबाई चहाच्या ग्लासात बघत राहिल्या, पण त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला. आवाज सापडला तेव्हाही एवढा वाटला नव्हता.

दुपारी नवा जॉइंट बसला. दौलत मागच्या सीटवर बसला, सबनीसांनी गाडी दुर्गाडीच्या बाजूला काढली. डावं वळण, पुन्हा डावं वळण. सबनीसांचं लक्ष बायकोच्या बोटांकडे होतं. बोटं मांडीवर स्वस्थ पडली होती.

"झालं काका," दौलत म्हणाला. "गाडी एकदम सायलेंट. आता एकच आवाज राहिला, काकूंच्या शिट्टीचा. तो काय आपल्या हातातला नाही."

सबनीसांनी ब्रेक दाबला. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला असावा, कारण दौलतने वळून त्याला हात दाखवला. सबनीस प्रमोदिनीबाईंच्या ओठांकडे बघत होते. ओठ जेमतेम मिटलेले, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट.

"तू शीळ घालतेस?"

"मग? आज नवीन का आहे?"

"पण तू तर बंद केली होतीस. डोंबिवली सोडल्यापासून."

"मी कुठे बंद केली? तुम्हीच ठेका धरायचं बंद केलंत." त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला वाटलं, आता तुम्हाला नकोसं झालंय. म्हणून मी आणखी हळू घालायला लागले."

तीन वर्षं. ठाणे ते कल्याण, कल्याण ते टिटवाळा, दर संकष्टीला. ती दोन हातांच्या अंतरावर बसून शीळ घालत होती आणि ते तिचा रुसवा मोजत होते. सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी दौलतसमोर पुसलंही नाही. "काका, मी चालवू का?" असं दौलतने विचारलं तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि गाडी गॅरेजपर्यंत आणली.

तिथून त्यांनी साकेतला फोन लावला. "आवाज गेला. रविवारी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. आणि कानाच्या डॉक्टरची वेळ घे. कुणासाठी काय? माझ्यासाठी!"

परतीच्या वाटेवर दुर्गाडीचा पूल ओलांडला आणि प्रमोदिनीबाईंनी काचा वर केल्या. मग उजवा हात पदराखालून काढून, जरा वळून, त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली. एक. मग दोन सलग, मग जरा थांबून एक. कुठली चाल असेल, याचा अंदाज घेत सबनीसांनी स्टिअरिंगवर बोट उचललं. पहिल्यांदा चुकलं. त्यांनी पुन्हा टिचक्या मोजल्या आणि पुढचं कोनगाव यायच्या आत ठेका धरला.